ब्रिनदेरूचा तिसरा जीव

लोखंडाच्या भट्टीची वस्ती, पेन्सिल्वेनिया
रविवार, ५ डिसेंबर १८५८

प्रिय लावरीताई,

इथेलचा नमस्कार. हे पत्र हातातून टाकू नकोस, आणि दाजींना हाक मारायच्या आधी चुलीजवळच्या बाकावर बस. अक्षर माझंच आहे. रविवारच्या शाळेत जेवढं शिकलो तेवढंच अजून येतं. इतकं वाईट अक्षर दुसरं कुणी मुद्दाम काढणार नाही, तेव्हा ओळखशील. मी सुखरूप आहे. पत्राच्या सुरुवातीला सगळेच असं लिहितात, पण हे एवढं वाक्य लिहायला मी सकाळपासून बसलोय.

इकडची हकिकत म्हणजे बर्फ पडलंय, पण भट्टीपुढे काम असल्यामुळे पाठ गारठते आणि तोंड भाजतं. फावड्यानं कोळसा नि दगड आत ढकलायचा, बस्स. राहतो होपकिन बाईंच्या घरी. बाई आपल्याच मुलखाच्या, पण दक्षिणेकडच्या, त्यामुळे बोलतात भरभर आणि आपल्याला हसतात. त्यांच्या हातच्या मटणाच्या रश्श्याला आपल्या घरची सर नाही. कांदा फार घालतात. मुलं कशी आहेत? धाकटीला दात आले का? दाजींचा गुडघा कसा आहे? राखाडी घोडी अजून गाडीला चालते की नाही?

बरं. हे पुरे.

गेल्या रविवारी चॅपलच्या दारात मला आपल्या विणकराचा मेरिग भेटला. नुकताच बोटीतून उतरून इकडे कामाला आलाय. मला बघून त्याच्या हातातलं भजनाचं पुस्तक पायरीवर पडलं.

मी म्हटलं, "मेरिग! तू कधी आलास रे?"

"अरे, तू मेलायस."

"कोण म्हणतं?"

"अख्खं गाव म्हणतं! तुझ्यासाठी चॅपलमध्ये प्रार्थना झाली, मी स्वतः उभा होतो. पाळक बोलता बोलता थांबेनात. पाय मोडले माझे तुझ्यापायी." आणि त्यानं बोटानं माझा दंड दाबून बघितला. मग एकदम रडायला लागला आणि मला शिव्या द्यायला लागला. चॅपलच्या दारात, रविवारी.

होपकिन बाई त्याला जेवायला घेऊन आल्या. बटाटे सोलता सोलता त्यानं सगळं सांगितलं. उन्हाळ्यात इकडच्या, मी आधी काम करायचो त्या खाणीत पाणी फुटलं, मेलेल्यांची नावं वर्तमानपत्रात आली, त्यांत माझं होतं, आणि ते वर्तमानपत्र आपल्या गावापर्यंत पोचलं. मग जमीनदारांच्या वाड्याचे, प्लास केलिनचे कारभारी होल्डनसाहेब आपल्या शेतावर, ब्रिनदेरूला आले. टोपी काढून आले, वाईट वाटलं म्हणाले, आणि मग म्हणाले की तिसरा जीव गेला, तेव्हा जमिनीचा पट्टा संपला. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी जमीन इस्टेटीकडे परत जाईल. राहायचं असेल तर नव्या भाड्यानं, वर्षाच्या बोलीवर राहा. नाहीतर घर रिकामं करा.

होपकिन बाईंना काही कळेना. "तिसरा जीव म्हणजे काय? मांजर आहे का हा?"

मी त्यांना समजावलं. आमच्या आजोबांनी प्लासच्या प्राइस घराण्याकडून जमीन घेतली ती वर्षांवर नाही, जीवांवर. पट्ट्यात तीन नावं घातली. एक आजोबांचं, एक आईचं, आणि एक माझं, कारण तेव्हा घरात पाळण्यात मीच होतो आणि सगळ्यात जास्त दिवस टिकेन असा अंदाज. तिघांतला एक जरी श्वास घेत असला तरी जमीन आमची, भाडं जुनंच. तिघे गेले की जमीन परत प्राइसांची. आजोबा गेले, आई गेली, उरलो मी.

बाईंनी सुरी खाली ठेवली. "म्हणजे हा पोरगा म्हणजे एक अख्खं शेत? आणि मी याला शिळा पाव घालते!" मग मेरिगकडे बघून म्हणाल्या, "एवढी मोलाची चीज, आणि आमच्या इथली एक मुलगी वळून बघत नाही याच्याकडे."

मेरिग हसला. मी पण हसलो, ताई. तुला खोटं सांगत नाही.

तुला आठवतं का, भाड्याच्या दिवशी आजोबा मला धुऊन-पुसून प्लासला न्यायचे? तबेल्याशेजारची ती कागदांची खोली. भिंतीभर पत्र्याच्या पेट्या, प्रत्येकीवर एकेका शेताचं नाव रंगवलेलं. प्राइसांच्या सात पिढ्यांचे कागद तिथे, नकाशे, करार, कुणाची सोयरीक, कुणाचं मृत्युपत्र, कुणी कुठलं कुरण कुणाला दिलं ते. होल्डनसाहेब आपली पेटी काढायचे, कातड्यासारखा जाड कागद पसरायचे. त्याची वरची कड नागमोडी कापलेली. आपल्या घरच्या कागदाची कड तिला लावून बघायचे, जुळली की मान हलवायचे. मग माझा गाल ओढून विचारायचे, "काय रे ब्रिनदेरू, आहेस ना अजून?" आणि बाकीची कुळं हसायची.

आई गेली त्या वर्षी आजोबा आधीच नव्हते, म्हणून दाजी मला घेऊन गेले. साहेबांनी आईच्या नावावर तांबड्या शाईची रेघ मारली. वाळू टाकली, फुंकली. मग लेखणीचं टोक माझ्याकडे करून म्हणाले, "आता सगळं तुझ्यावर हं, पोरा." त्या दिवसापासून मला कागदातून सुटायचं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तुम्ही मला नदीपलीकडच्या शाळेत पाठवलं नाहीत, कारण पूल वाहून जायचा. झाडावर चढू दिलं नाहीत. नांगराला हात लावू दिला नाहीत. गोवर आला तेव्हा अख्खं गाव दारात. मला अंडं, आणि तुला ताक-बटाटे. मुलं मला "पट्टा" म्हणून हाका मारायची. धावलो की ओरडायची, "पट्टा पडेल रे, फाटेल!" मला वाटायचं, मी या घरात भाऊ नाही, मुलगा नाही, मी फक्त एक श्वास आहे आणि सगळे कान लावून बसलेत. म्हणून पळालो. म्हणून मुद्दाम जमिनीखालचं काम धरलं. आजोबांनी जे जे करू दिलं नसतं ते ते केलं.

आता पुढचं लिहायचं ते कसं लिहू.

पाणी फुटलं तेव्हा मी खाणीत नव्हतो. त्याच आठवड्यात मुकादमाशी भांडलो होतो आणि कुणाला न सांगता चालत या खोऱ्यात आलो होतो. तिकडे मोजणी झाली, मी दिसेना, लिहिलं नाव. यात माझी चूक एवढीच की निघताना कुणाला सांगितलं नाही. पण ताई, ते वर्तमानपत्र माझ्या हातात पडलं. होपकिन बाईंनी त्यात मासळी गुंडाळून आणली होती. मी बोट ठेवून ठेवून माझं नाव वाचलं. आणि मी हसलो. बाईंनी विचारलं काय रे, मी म्हटलं काही नाही. तुला निरोप धाडायला इथल्या पाळकांनी कागद दिला असता, पण मी कुणाला सांगितलंच नाही.

आधी मी इथे लिहिणार होतो की पट्ट्याचं ध्यानात आलं नाही. मेरिगला तसंच सांगितलं. तो म्हणाला, "होतं असं, माणूस गोंधळतो." ते खोटं आहे. मासळीचा वास येत होता आणि तेवढ्यातच मला पट्टा आठवला. होल्डनसाहेबांची वाळू आठवली. तुम्ही घराबाहेर पडाल हेसुद्धा दिसलं. आणि मला वाटलं, जाऊ दे. जाऊ दे सगळं एकदाचं. मी मेलो, आता कुणी माझा श्वास मोजणार नाही. उन्हाळा गेला, पानं पिवळी झाली, बर्फ पडलं, मी पोटभर जेवलो, भट्टीवर गाणी म्हटली. लिहिलं नाही. एका पत्रानं निभावलं असतं. लिहिलं नाही.

मेरिगनं ते शेवटी सांगितलं. बटाटे उकडून झाले होते. तो म्हणाला, होल्डन आला तेव्हा दाजी चिडले. म्हणाले वर्तमानपत्रवाले काहीही छापतात, उद्या तुमच्या साहेबांनाही मारतील. होल्डन म्हणाला, "मग आणा त्याला. शपथेचे कागद नकोत, अमेरिकेहून तसले पोत्यानं येतात. माणूस आणा. मेच्या आत माझ्यासमोर उभा करा, मी स्वतः रेघ खोडतो." शेजारी जमिनीचं बोलत होते, कुरणाचं बोलत होते. आणि तू, मेरिग म्हणाला, तू दारात पिठाच्या हातांनी उभी होतीस. जमिनीचं एक अक्षर काढलं नाहीस. एवढंच विचारलंस, "त्याला पुरलं कुठे?"

मग म्हणे तू पाळकांकडून तीन ठिकाणी पत्रं लिहवलीस, माझी कबर कुठे ते विचारायला. घर जायची वेळ आलेली, आणि तू कबर शोधतेस.

मी ताटावरून उठलो. नंतर अंगणात लाकडं फोडत होतो तिथे होपकिन बाई आल्या आणि म्हणाल्या, "कुऱ्हाड खाली ठेव, पाय तोडून घेशील. मला एक सांग, तू भट्टीवर गाणी म्हणत होतास तेव्हा ती बिचारी काय करत असेल, हे एकदा तरी मनात आलं?"

"नाही आलं, बाई."

"जमिनीचं आलं ना?"

"आलं."

"मग तू त्या कारभाऱ्याहून वेगळा कसा?" एवढं बोलून त्या आत गेल्या.

ताई, मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आयुष्यभर मी तुमच्यावर रुसलो की तुम्ही मला माणूस न धरता कागद धरलात. आणि मला मेलेला ऐकल्यावर तू माणूस शोधलास, मी मात्र तुझ्यात कागदच पाहिला. ते अंडं तू आनंदानं वाढत होतीस हेसुद्धा आत्ता दिसतंय. तुला ते खायला हवं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

मी येतोय. भट्टीचं काम सोडतो, फेब्रुवारीत लिव्हरपूलला जाणारं जहाज निघतं, त्यावर दोर ओढायच्या कामाला लावून घेतो म्हणालेत. हिवाळ्यातला समुद्र वाईट असतो हे मला ठाऊक आहे. आजोबा असते तर मला खांबाला बांधून ठेवलं असतं. वाटेत काही झालं तर पट्टा खरंच संपेल, आणि त्याला होल्डनचाही इलाज नाही. म्हणून हे पत्र आधीच्या टपालानं पाठवतोय. जमीन माझ्यामुळे वाचो न वाचो, तू कबर शोधायची थांबव. कुठेच नाही गं ती.

मी जिवंत आहे हे पाळकांना सांग. चॅपलमध्ये सगळ्यांसमोर सांगितलंस तरी चालेल. मेरिगच्या आईला त्याची खुशाली कळव, तो बरा आहे, फक्त बर्फाला शिव्या देतो. दाजींना मात्र हे पत्र वाचून दाखवू नकोस. मी आल्यावर त्यांच्या तोंडावर सांगेन. मारलं तर मारू देत.

आल्यावर तिथेच राहीन असं लिहवत नाही. माझ्या वचनाला आता तू काय किंमत देणार, आणि माझे पाय कसले आहेत ते तुला माहीत आहे. पण पुन्हा कुठे गेलो तर तुला सांगून जाईन, आणि लिहीत राहीन. अक्षर असंच येईल.

एक मागतो. गावाच्या वाटेला लागलो की रीत अशी की आधी प्लासला जायचं, साहेबांना तोंड दाखवायचं. दाजी तेच म्हणतील, उशीर नको म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण मी आधी तुझ्याकडे येणार. तू दार उघडलं नाहीस तर समजेन. गोठ्याजवळ उभा राहीन, दिवसभर उभा राहीन. होल्डनसाहेबांना नुसता चालता श्वास पुरतो, तो मी दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवीन. तुला तेवढा पुरणार नाही हे मला कळतं. आणि तुला द्यायला माझ्याकडे आज दुसरं काही नाही.

ज्याची कबर तू शोधलीस, आणि ज्यानं तुला ती शोधू दिली,
तो तुझा धाकटा भाऊ
इथेल