लाल फडक्याच्या काठ्या

१४ जून

दादा,

नमस्कार. वहिनी आणि छोटी बऱ्या असतील. पत्र फाडायचंच असेल तर एवढं वाचून फाड: चिखल्या पक्ष्यांची पिल्लं निघाली! शिंपल्यांच्या पट्ट्यावर सतरा घरटी होती, त्यातल्या चौदांतून. पाय फुटलेली कापसाची बोंडं नुसती. वारा सुटला की आईच्या पोटाखाली शिरतात आणि एकाच पक्ष्याला आठ पाय दिसतात. दुर्बिणीतून बघताना मी एकटाच हसत होतो.

बाकी खाजण तुझ्या वेळचंच आहे. लव्हाळी माजली आहेत, बगळे भरतीचं पाणी अडवणाऱ्या तुझ्या दाराच्या कठड्यावर बसून घाण करतात, पहाऱ्याच्या खोलीचं छप्पर त्याच कोपऱ्यात गळतं. तुझा कप मी वापरत नाही. अजून फोडलेलाही नाही.

यंदा मी घरट्यांजवळ काठ्या लावल्या नाहीत.

एवढं एक वाक्य लिहायला दोन कागद वाया गेले. गेल्या वर्षीच्या लाल फडक्याच्या काठ्या आठवतात ना? फिरायला येणाऱ्यांचा पाय अंड्यांवर पडू नये म्हणून प्रत्येक घरट्याशेजारी एक. तू म्हणाला होतास, "अरे, माणसांना दिसतं ते इतरांनाही दिसतं." मी म्हणालो, "तू आपलं दार सांभाळ." चार दिवसांत बावीसच्या बावीस घरटी रिकामी. मी साहेबांना सांगितलं, उधाणाचं पाणी शिरलं. म्हणजे समुद्राकडचं दार उघडं राहिलं. म्हणजे तू उघडं ठेवलंस.

दादा, पाणी शिरलंच नव्हतं. चिखलात कोल्ह्याची पावलं होती, या काठीपासून त्या काठीपर्यंत, पोस्टमन दारोदार जातो तशी. चोराच्या हाती किल्ल्या मीच दिल्या होत्या. ती पावलं मी बुटाने पुसली. तू साहेबांसमोर म्हणालास, "मी दार लावलं होतं," आणि माझ्याकडे बघितलंस. मी माझे बूट बघत उभा राहिलो. तुझी बदली झाली आणि मी वर्षभर मूग गिळून बसलो.

यंदा काठ्या रोवल्या त्या पलीकडच्या ओसाड टोकाला, जिथे एक अंडं नाही. कोल्होबा आठवडाभर काठीकाठीला हजेरी लावून हात हलवत गेले!

पिल्लं दिसली त्याच सकाळी साहेबांच्या जागी आलेल्या नव्या बाईंकडे गेलो आणि सगळं ओकलो. त्या म्हणाल्या, "वर्षभर पोटात ठेवलंत तरी कसं?" लेखी घेतलं. मला सहा महिने पाट्या रंगवायला बसवलंय आणि तुझी बदली रद्द केलीय, हुकूम आजच निघाला. बाहेर आलो तेव्हा इतकं हलकं वाटलं की तुझ्या दाराशी जाऊन कठडा धरून रडलो. बगळेसुद्धा उडाले. माफ कर म्हणायला मला तोंड नाही, पण तू ये. दाराचं चाक माझ्याने पुरतं फिरत नाही.

दाराच्या वहीत त्या दिवशी तू 'दार बंद' असं लिहिलं होतंस, साहेबांनी त्यावर काट मारली होती. बाईंना विचारून मी त्याखाली लिहिलंय, 'दार बंदच होतं,' आणि सही केलीय.

तुझा धाकटा,
ज्याने ते बंद असलेलं पाहिलं होतं