चहाआधीचा अर्धा तास

अव्वा,

तुला गडहिंग्लजच्या एसटीत बसवून आत्ताच कळंब्याला घरी आले. हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते.

दिवस गेल्याचं कळवलं तेव्हा तू फोनवर केवढ्यानं ओरडलीस, “थायरॉईडची गोळी आधी बंद कर! गरम पडती पोटाला.” मी बंद केली. तिसऱ्या महिन्यात पोट रिकामं झालं, आणि तू आलीस तीच गोळीला शिव्या घालत, “आधी खाल्लीस ती अंगात मुरली की गं! तिनंच घात केला.”

डॉक्टरबाईंनी मला एकटीलाच सांगितलं होतं. गोळी थांबवायची नव्हती. पोटुशी असताना बहुतेकींना उलट वाढवावी लागते. त्यामुळंच गेलं असं छातीठोक सांगता येत नाही, असंही म्हणाल्या. मी तुला यातलं काहीच बोलले नाही. तू अन्नपाणी सोडलं असतंस.

गोळी मी पुन्हा सुरू केली होती; तू इथं होतीस तेव्हाही रोज घेत होते, अव्वा. सकाळी न्हाणीत, लपून. पण त्यावर अर्धा तास काही घ्यायचं नसतं, आणि तू तर चहा घेऊन दारात उभी. म्हणून लिंगपूजेला बसायला लागले; पूजा होईपर्यंत तू चहाचं नाव काढायची नाहीस. लग्नानंतर पूजा सोडली म्हणून किती चिडायचीस माझ्यावर! आता शेजारणीला सांगत होतीस, “दुःखानं का हुईना, माझी लेक शिवाकडं वळली.”

खोटंच बसत होते गं. पण गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं की एकच मागणं तोंडात यायचं. मूल दे, नको देऊ; माझ्या अव्वाला गोळीचं खरं तेवढं कधी कळू देऊ नकोस.

तुझी विजू