मीठ आत कसं जातं

१० फेब्रुवारी, सोमवार
आज नऊ घरं, अकरा पेशंट. सगळ्यांना जुलाब. मागच्या गल्लीत चार दिवस नळाला गढूळ पाणी येतंय — पाइप कुठेतरी फुटलाय, शोधतायत. कोलशेतच्या या भागाची आशा सेविका मीच, त्यामुळे सकाळपासून टेकायला मिळालं नाही. ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेची, सगळी पाकिटं संपली.
घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "लोकांना कितीदा झालं ते इचारत फिरतेस. हे काय काम हाय गो?"

११ फेब्रुवारी, मंगळवार
आरोग्य केंद्रात मीटिंग, नवीन पाकिटंही मिळाली. डॉक्टर ऋतिका मॅडमनी फळ्यावर आतड्याची एक पेशी काढली. पेशीभोवती पातळ पडदा, आणि त्यात बारीक बारीक दारं. त्यातलं एक दार असं, की मीठ एकटं आलं तर उघडत नाही. साखर एकटी आली तरी नाही. दोघं मिळून आली की दोघांना आत घेतं — आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. कितीही जुलाब होवोत, हे दार चालूच राहतं.
आठ वर्षं पाकिटं वाटतेय. साखर चवीला घालतात असं वाटायचं मला! दहावीला विज्ञानात दोनदा उडालेले मी. पण आज मॅडमनी "कोण सांगेल?" विचारलं तेव्हा उभी राहून सगळं सांगितलं. बरोबर सांगितलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
जेवताना आमच्या ह्यांना, आनंदना, त्या दाराचं सांगत होते. ते ऐकत होते मन लावून. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "बांगड्याला मीठ लावलं की त्याचं पानी भायेर येतं. म्हनून तं मासली सुकते. अन तू आधीच सुकलेल्या मानसाला मीठ पाजतेस?"
चाळीस वर्षं खारवलेली मासळी विकतात त्या. उद्या मॅडमनाच विचारते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "दक्षता, तुझ्या सासूबाईंचं बरोबर आहे." मीठ जास्त झालं तर पोटातसुद्धा बांगड्यासारखंच होतं — बाहेरचं मीठ पेशीतलं पाणी ओढून घेतं. माप बरोबर असेल तरच मीठ साखरेबरोबर आत जातं आणि पाण्याला आत नेतं. म्हणून एका पाकिटाला एक लिटर. "हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता," म्हणाल्या.
सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग लोकांना माप दाव. नुसती पाकिटं वाटून काय व्हतं?"
खरंय. मी पाकीट हातात देऊन पुढच्या दारात जायचे. संध्याकाळपासून लिटरची बाटली सोबत घेतली. प्रत्येक घरात समोर कालवून दाखवायचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पलीकडचे धाकूमामा — वय बाहत्तर. मुलगा सुदेश बोटीवर, घरात फक्त सून, संचिता. काल सकाळी मी देऊन गेलेली चारही पाकिटं पाजली तरी मामा खालावतच चाललेले. जीभ कोरडी, कातडीची चिमूट उभीच राहते, सारखं पाणी पाणी करतायत. मागच्या आठवड्यात मी म्हणाले असते, अजून एक पाकीट दे. आज विचारलं, "पाणी किती घेतलंस?"
तिने स्टीलचा ग्लास दाखवला. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट. "कडक केलं तर लवकर गुण येईल वाटलं, ताई."
डोळ्यांसमोर बांगडाच आला. ग्लास मोरीत ओतला. तिला काही बोलले नाही — आधीच रडकुंडीला आलेली. लिटरभर पाण्यात नवीन कालवलं, चमच्याने पाजत राहिले, तिला रिक्षा आणायला पिटाळलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना नीट सांगितलं — चार पाकिटं, प्रत्येक ग्लासभर पाण्यात, कालपासून. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, "हे सांगितलंत ते बरं केलंत. अंगात मीठ जास्त झालंय, सलाइन आता बेताने चढवावं लागेल."

१६ फेब्रुवारी, रविवार
मामांना लघवी झाली — म्हणजे अंगात पाणी टिकलं. संचिताचा फोन आला तेव्हा मी रस्त्यात उभी राहून हसले.

१९ फेब्रुवारी, बुधवार
मामा घरी आले. बसून पेज प्यायले. संचिताने माझा हात धरून ठेवला, बराच वेळ.
पाइप सापडला, जोडला. एक्केचाळीस घरांत कालवून दाखवलं. दोन दिवसांत नवीन पेशंट नाही. मॅडमचा निरोप — शुक्रवारी बाकीच्या आशांना तू शिकव, फळ्यावर चित्र तूच काढ.
काढीन. येतं मला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
छत्तीस बायकांसमोर बोलले. पडदा काढला, दार काढलं, शेजारी बांगडासुद्धा काढला. प्रश्न कुणाचा तेही सांगितलं — गंगुबाई, माझ्या सासूबाई. टाळ्या वाजल्या. आनंदना फोन करून सांगितलं, आवाज चढलाच माझा.

२२ फेब्रुवारी, शनिवार
काल सासूबाईंना म्हटलं, तुमचं नाव घेतलं सगळ्यांसमोर. हसतील वाटलेलं. त्या म्हणाल्या, "आनंदच्या आधी मना पोरगी व्हती. मालू. दीड वर्साची. हगवन लागली. समदे बोलले, पानी देशील तं अजून वाढंल. ती पानी मागत व्हती. मी नाय दिलं."
तेवीस वर्षं या घरात आहे. हे नाव कधी ऐकलं नव्हतं.
आज सकाळी फेरीला निघाले, तर त्या आधीच चपला घालून दारात उभ्या होत्या.