नऊ प्रश्न, गुण शून्य

५ मे, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. ट्रेनिंगमध्ये हर्षदा मॅडम म्हणाल्या, दुसऱ्यांची मनं तपासणाऱ्याने स्वतःच्या मनाबद्दल रोज दोन ओळी लिहाव्यात. माझ्या मनात लिहिण्यासारखं काही नाही. एक ओळ झाली.

आमच्या प्रकल्पाचं नाव ‘मनमोकळं’. मी फील्ड सुपरवायझर. मे अखेरपर्यंत सायवनच्या पाड्यांवर दोनशे फॉर्म भरायचे. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. दहाच्या वर गेला तो उदास, वीसच्या वर गेला त्याला डॉक्टरकडे न्यायचं. सोपं आहे.

सरावासाठी पहिला फॉर्म स्वतःचा भरला. झोप? रोज अकरा तास. भूक? बिस्किटं जातात. कामात रस? फॉर्म भरतोय, म्हणजे असणारच. एकूण गुण शून्य. हाताखालच्या लोकांना दाखवायला ठेवून दिला.

६ मे, मंगळवार.
हंसाचा फोन. हंसा म्हणजे बायको. परीक्षा संपल्यापासून ती आणि उन्नती (मुलगी, वय आठ) आगरला, हंसाच्या माहेरी आहेत. सुट्टी म्हणून गेल्यात, असं मी सगळ्यांना सांगतो.

हंसाचं म्हणणं, दिवाळीपासून मी बोलत नाही. हे चूक आहे. मागच्याच महिन्यात मी जेवताना मीठ मागितलं होतं. पुढचं म्हणणं, डहाणूच्या दवाखान्यात दर गुरुवारी मनाचा डॉक्टर येतो, त्याला दाखवायचं. सोळा जूनला शाळा उघडते. तोवर दाखवलं नाही तर ती तलासरीच्या शाळेतून उन्नतीचा दाखला काढून आगरच्या शाळेत घालणार.

पेशंट शोधणं हे माझं काम. मलाच पेशंट म्हणायचं म्हणजे पोस्टमनलाच पाकिटात घालण्यातला प्रकार. पण वाद नको. गुरुवारी जाऊन येईन. अर्ध्या तासाचं काम. डॉक्टरांशी ओळखही होईल.

८ मे, गुरुवार.
जाणं झालं नाही. सकाळी आठला आवरायला बसलो. एक मोजा घातला. दुसरा घालेपर्यंत सव्वाबारा वाजले. साडेबाराला ओपीडी बंद होते.

हंसा दोन तास बाकावर बसून होती म्हणे. मी सांगितलं, बाइकची चेन तुटली. निर्णय : यापुढे बिनमोज्याचे बूट.

१२ मे, सोमवार. सायवन.
सोबत संगिता, पाड्यावरची आशाताई. पाड्याची बोली तिला येते, मला येत नाही. सातवी मुलाखत झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की कोणीच स्वतःचं उत्तर देत नाहीये. भिकीला विचारलं, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं. उत्तर दिलं शेजारच्या सुकीने. सुकीला विचारलं तर भिकी बोलली. रघ्याच्या वेळी तर चार बायकांमध्ये वाद झाला आणि दीड दिवस असं ठरलं.

मी म्हटलं, ज्याचं त्याने सांगायचं. संगिताने सांगून पाहिलं. मग सगळे हसले. भिकी म्हणाली ते संगिताने मला असं सांगितलं : स्वतःच्या पाठीवरचा मळ कोणाला दिसतो का? बिघडलेल्याला आपण बिघडलोय हे कळलं तर तो बिघडलेला कसला?

रिपोर्टमध्ये लिहिलं : ‘समाजात आत्मपरीक्षणाचा अभाव.’ वाक्य चांगलं जमलंय.

१४ मे, बुधवार.
केस सापडली! पांड्या, वय अंदाजे साठ. बायको रूपी. पांड्या सहा वर्षं कोणाशी बोलत नाही. अंगणात वाळत घातलेल्या कैरीच्या फोडींपाशी बसतो आणि काठीने कोंबड्या हाकलतो. रूपीने त्याच्या वतीने उत्तरं दिली. गुण बावीस.

मी रूपीला सांगितलं, नवरा गंभीर आजारी आहे. ती म्हणाली, कुठे? जेवायला चार लोकांत बसतो. ताडी आली की ग्लास पुढे करतो. मयताला, लग्नाला सगळ्यांबरोबर चालतो. नाही बोलत, तर बोलणारे बाकीचे आहेत ना. आजारी कोण, तर जो ताट घेऊन बाजूला जाऊन बसतो तो.

अडाणीपणा. मी आंब्याच्या झाडामागे जाऊन माझा डबा खाल्ला (बिस्किटं) आणि पांड्याच्या नावापुढे लाल खूण केली.

१८ मे, रविवार. आगर.
दुपारी सासरी. मासेमारीचा मोसम संपत आलाय, सासरे नारूमामा होडी वर ओढायच्या तयारीत. सासूबाईंनी दारातच मीठ-मोहरी-मिरच्यांनी माझी दृष्ट काढली आणि मिरच्या चुलीत टाकल्या. दृष्ट असेल तर ठसका लागत नाही म्हणतात. सगळं घर खोकत अंगणात पळालं. मी एकटाच चुलीपाशी बसून राहिलो. सासूबाई बुचकळ्यात पडल्या, इतरांना ठसका लागला म्हणजे दृष्ट नाही, मला लागला नाही म्हणजे आहे. माझं निदान : फुप्फुसं उत्तम.

नारूमामांचं मत वेगळं. ते म्हणाले, खाडीवरचा वारा लागलाय, एकदा समुद्रात नेऊन आणला की उतरेल, पण होडी आता वर घ्यायची वेळ. त्यांना विचारलं कोणी नव्हतं.

उन्नती म्हणाली, पप्पा, माझा दात पडला, बघा. मी म्हटलं, छान. तिने विचारलं, बघितलात? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मी तोंड उघडलंच नाही अजून.

हंसाने मला सुक्या बोंबलांची पिशवी दिली आणि म्हणाली, बावीसला गुरुवार आहे. मी म्हटलं, नक्की. बोंबील कधी तळायचे ते अजून ठरवलेलं नाही.

२२ मे, गुरुवार.
आज प्रत्यक्ष डहाणूला पोचलो. हे मुद्दाम नोंदवतो, कारण हंसा मानणार नाही. दवाखान्यासमोर रस्त्यापलीकडे टपरीवर दोन चहा घेतले. हंसा बाकावर दिसत होती. हिरवी साडी. ती दर पाच मिनिटांनी रस्त्याकडे बघायची आणि मी चहाकडे.

आत न जाण्याची कारणं : (१) गर्दी. (२) कोणी ओळखलं तर सुपरवायझरच्या इमेजचं काय. (३) तिसरं नंतर आठवेल.

फोन वाजत होता. उचलला नाही. मोबाइलपासून लांब राहणं मनाला चांगलं असतं, असं ट्रेनिंगच्या पुस्तिकेत पान नऊवर आहे.

२३ मे, शुक्रवार.
घरमालक हार्दिकभाई वर आले. त्यांचं खाली फरसाणचं दुकान. त्यांनी माझा चेहरा बघून निदान केलं, गॅस छे. त्यांच्या मते माणसाला मन नसतं, पोट असतं. त्यांच्या मोठ्या भावाला वापीत असंच झालं होतं, सकाळ-संध्याकाळ चूर्ण घेतलं आणि आता तो गरबा खेळतो. एक बाटली देऊन गेले. घेतलं. गरब्याची इच्छा झाली नाही.

२६ मे, सोमवार. सायवन.
फॉर्म एकसष्ट झाले, दोनशेपैकी. हर्षदा मॅडमचा मेसेज आला, वेग वाढवा. मी वेगळी युक्ती केली. पाड्यावरच्या सगळ्यांना चिंचेखाली एकत्र बसवून सरळ विचारलं, तुमच्यात मनाने बिघडलेलं कोण आहे? एका झटक्यात सगळे पेशंट हाती.

बराच वेळ आपापसात बोलले. मग सगळे संगिताकडे बघायला लागले. संगिता जमिनीकडे. मी म्हटलं, ताई, जसंच्या तसं सांगा, माझ्यासाठी सगळा डेटाच आहे. तेव्हा ती म्हणाली, सर, ते म्हणतात तुम्ही.

भिकीने कारणंही दिली. हा झाडामागे जाऊन खातो. कोणी विनोद केला तर वहीत लिहितो. याचा जीव कुठेतरी वाटेत बसून राहिलाय आणि हा नुसताच पुढे आलाय. शेवटचा कुठे बसला होतास, असं तिने संगिताला मला विचारायला सांगितलं. म्हणजे तिथून जीवाला बोलावता येईल.

दिवाळीत बसलो होतो, जिन्यात. पणत्या लावायला हंसाने आत बोलावलं, उन्नतीनेही हाका मारल्या. उठून जावं इतकंच काम होतं. हे अर्थात मी सांगितलं नाही. संबंध नाही.

पाहुण्याला वेडा समजणं ही पाड्याची जुनी खोड असावी. वाईट वाटलं का? नाही. काहीच वाटलं नाही. यालाच परिपक्वता म्हणतात.

५ जून, गुरुवार.
तिसरी तारीखही हुकली. झोपलो होतो. कारण शोधायला बसलो, ते सापडायच्या आत पुन्हा झोपलो.

संध्याकाळी हंसाचा फोन. ती रागावली नव्हती. तिचा आवाज अगदी सपाट होता, माझ्यासारखा. म्हणाली, तीन वेळा झालं. आता मी दवाखान्यात येणार नाही. ठेवते.

याचा अर्थ ती आता माझ्यावर विश्वास टाकतेय. एकट्याने जा, म्हणतेय. चांगली प्रगती आहे.

९ जून, सोमवार.
अफलातून प्लॅन. बारा तारखेला पांड्याला त्याच डॉक्टरकडे न्यायचं. प्रकल्पात पहिला पेशंट माझ्या नावावर लागेल. शिवाय डॉक्टरसमोर मी बसलेला असेन, म्हणजे हंसाची अटही आपोआप पूर्ण. फोटो काढून तिला पाठवायचा. आधी सांगायचं नाही, सरप्राइज. शाळा उघडायला तरी चार दिवस शिल्लक राहतात. चार दिवस म्हणजे भरपूर.

१० जून, मंगळवार. सायवन.
वाटलं होतं रूपी विरोध करेल. एका शब्दात हो म्हणाली. एवढंच नाही, भिकी, सुकी, रघ्या आणि संगिताही येणार. रघ्याने जीप ठरवली. लोकांमध्ये किती जागृती झाली! रिपोर्टमध्ये घेतलं.

१२ जून, गुरुवार. दुपारी ३.
नीट लिहितो.

साडेनऊला निघालो. जीपमध्ये मला मध्ये बसवलं. एका बाजूला पांड्या, दुसरीकडे रघ्या. वाटेत भिकीने भाकरी काढली, सगळ्यांनी खाल्ली, माझ्याही हातात तुकडा दिला आणि मी खाईपर्यंत बघत राहिली. दवाखान्यात केसपेपर काढायला संगिता गेली.

डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी विचारलं, पेशंट कोण? मी पांड्याकडे बोट दाखवलं. रूपी, भिकी, सुकी, रघ्या आणि संगिता, पाचही जणांनी माझ्याकडे. डॉक्टरांनी केसपेपर पाहिला. त्यावर माझं नाव होतं. सुनिल, वय अडतीस, राहणार तलासरी.

मी खुलासा केला, की काहीतरी गोंधळ झालाय, या माणसाचे गुण बावीस आहेत. रूपीने मराठीतच सांगितलं, तो माझा नवरा, तो पेशंट नाही. सरांच्या शेजारी बसायला आणलाय. त्याला जमतं ते.

डॉक्टरांनी मलाच नऊ प्रश्न विचारले. माझेच प्रश्न. माझी उत्तरं पाठ होती, सगळी शून्याची. पण प्रत्येक उत्तरानंतर ते भिकीकडे बघायचे, आणि भिकी संगितामार्फत आपलं सांगायची. मी म्हटलं, ही पद्धत चुकीची आहे. डॉक्टर म्हणाले, इथे आल्यावर मीही हेच शिकलो, एकाचं दुसऱ्याला विचारायचं. बेरीज त्यांनी सांगितली नाही. कागद उलटा होता, तरी मला वाचता आली. एकोणीस.

गोळ्या दिल्या. आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, ते मी रोज दहा जणांना समजावून सांगतो. दोन आठवड्यांनी या म्हणाले, घरच्यांना घेऊन. पांड्या पूर्ण वेळ शेजारी बसला होता. त्याला खरंच जमतं.

तर काम झालं. अट पूर्ण. फोटो राहिला, पण केसपेपर आहे. केसपेपरचा फोटो घरून पाठवतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.
घरी आलो. हार्दिकभाई दुकानातून बाहेर आले. म्हणाले, भाभी आली होती, बच्चीला घेऊन. शाळेतून दाखला काढला. मग वर जाऊन अर्धा तास जिन्यात बसल्या, सुनिलभाई येतो का बघू म्हणून. मी सांगितलं कामावर गेला असेल. फोन का नाही केला, असं मी भाभीला विचारलं तर ती म्हणाली, तो उचलत नाही.

हंसा तलासरीत होती, तेव्हा मी डहाणूत होतो. आमच्या गाड्या वाटेत चारोटीच्या आसपास एकमेकींजवळून गेल्या असणार.

उन्नतीची पुस्तकं, सायकल नेली. जुना गणवेश खुंटीवर ठेवलाय. आगरच्या शाळेचा रंग वेगळा आहे.

केसपेपरचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे तिने पाहिला.

१३ जून, शुक्रवार.
काही नाही.

१४ जून, शनिवार.
काही नाही. हर्षदा मॅडमचा मेसेज, पांड्याच्या केसचं काय झालं. उत्तर दिलेलं नाही.

१६ जून, सोमवार. संध्याकाळी ७.
नारूमामांच्या फोनवरून उन्नतीचा फोन. उचलला. शाळेचा पहिला दिवस झाला, बाई चांगल्या आहेत, बाकावर शेजारी कोणी नाही. मग तिने विचारलं, पप्पा, तुम्ही खरंच डॉक्टरकडे गेला होता? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग बरे आहात का?

मस्त, हा शब्द तोंडात तयार होता. सात-आठ महिने मी तोच देतोय. आज तो बाहेर आला नाही. मी म्हटलं, नाही बाळा. मला बरं नाहीये. बरेच दिवस झाले. तुम्ही दोघी गेलात तेही मला नीट कळलेलं नाही, आणि त्याची मला भीती वाटते.

उन्नतीने फोन बाजूला धरून मोठ्याने सांगितलं, आई, पप्पा म्हणतात त्यांना बरं नाहीये. तिकडे भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. मग उन्नती परत फोनवर आली. म्हणाली, आई म्हणते, एवढंच ऐकायचं होतं, पण दाखल्यावर आता आगरचा शिक्का बसला.

मी म्हटलं, हो.