तळातला खांब

मी, एर्मोखेनेस आराया कुएयो, वय एकाहत्तर, धंदा खाणकाम, राहणार केब्रादा सेका, आताकामा, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, बिघडलं आहे ते फुप्फुस. दगडाच्या धुळीने ते आतून भरत आणलं आहे आणि ऑक्सिजनच्या नळकांड्यातल्या हवेशिवाय मला अंगणही गाठता येत नाही. कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझाच दबाव कुणावर चालेना, म्हणून लिहितो आहे.

१. पत्र्याचं घर आणि पाण्याची टाकी सून यास्ना हिला. माझा एकुलता मुलगा आदेल्मो याच्या नावावर घर केलं, तर तो ते गहाण टाकून सुरुंगाची दारू आणील.

२. ‘ला पोर्फियादा’ ही खाण मी आणि माझी बायको झुनिल्दा, दोघांनी उघडली. बाई खाणीत उतरली की सोन्याची शीर आटते म्हणणारे इथे पुष्कळ होते. तिच्याच पहारीला पहिलं सोनं लागलं, तेव्हा त्यांची तोंडं बंद झाली. वरच्या गंजक्या गारगोटीच्या दगडातलं सोनं पारा चटकन उचलायचा. खाली गेल्यावर गंज संपला आणि तांब्याचा गंधकी दगड लागला. तो पितळेसारखा पिवळा असतो आणि हवा लागली की मोराच्या मानेसारखा निळा-जांभळा होतो. दिसायला देखणा, पण पारा त्याने मळतो आणि आतलं सोनं काही सुटत नाही. तेव्हा आम्ही आजूबाजूचा दगड काढला आणि तळात त्याचा एक खांब तसाच ठेवला. वरचा सगळा डोंगर त्या खांबावर आहे.

आता तांब्याला भाव आला. शहरातला कारखाना असाच दगड घेतो, वर आतल्या सोन्याचेही पैसे देतो. गेल्या आठवड्यात आदेल्मोने त्या खांबाचा एक तुकडा आणून माझ्या घोंगडीवर ठेवला.

“बाबा, हा खांब काढला की तुम्हाला कोपियापोच्या चांगल्या दवाखान्यात ठेवतो.”

मी म्हणालो, खांब काढलास की मला नाही, तुलाच ठेवावं लागेल.

“इतकी वर्षं उभं आहे ना सगळं?”

“खांब आहे म्हणून उभं आहे, गाढवा.”

तो हसला. खांबाच्या भेगेवर मी प्लास्टरचा लेप दिला होता, डोंगर हलला तर कळावं म्हणून. जाता जाता तो म्हणाला, “तुमच्यासारखंच तुमचं प्लास्टरही म्हातारं झालं. मधोमध तडकलंय.”

त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. शिडी उतरायचं बळ असतं तर मी खांबाला पाठ लावून बसलो असतो.

३. नोटरीबाईंना विचारलं, मुलाला खाणीतून वगळता येईल का? कायद्याने नाही, म्हणाल्या. त्याचा हिस्सा त्याला मिळणारच. माझ्या मर्जीचा जो चौथा हिस्सा उरतो तो मी यास्नाच्या पोटातल्या बाळाला देतो. अज्ञान मुलाचा वाटा असला की कोर्टाच्या परवानगीशिवाय खांबाला हात लावता येणार नाही. पण कागदाने डोंगर तोलला जात नाही, हे मलाही कळतं.

४. म्हणून हवेचा कंप्रेसर, ड्रिल आणि विंच मी शेजारच्या खाणीचा मालक नोल्बेर्तो तिरादो याला देतो. याने माझ्या हद्दीचा दगड सरकवला आणि झुनिल्दाच्या मयतीला आला नाही. आमचं बोलणं बंद होतं. परवा मी त्याला बोलावलं. टोपी न काढता तो दारातच उभा राहिला. मी सगळं सांगितलं.

“म्हणजे तुझ्या पोराला मशीन कधीच द्यायचं नाही?”

“कधीच नाही. रडला तरी नाही.”

“हे तर मी फुकटातसुद्धा केलं असतं,” तो म्हणाला. मग त्याने टोपी काढली आणि बराच वेळ माझ्या उशाशी बसला. मित्र विरघळतात, म्हणून हे काम मी वैऱ्याला सांगितलं. हद्दीचा दगड आता आहे तिथेच राहू द्यावा.

५. खाणकामगारांचा संत सान लोरेन्सो याची तसबीर खाणीच्या तोंडाशीच राहावी. मला कोणत्याही दवाखान्यात नेऊ नये. हवेचं नळकांडं संपलं तर संपलं. त्या खांबाच्या पैशाने भरलेल्या हवेचा एक श्वासही मला नको.

६. आदेल्मो, आईची पहार तुला. त्या पहारीने वर जमीन खणावी, घर बांधावं, काय वाटेल ते करावं, खाली उतरू नये. तू हे माझ्यासाठी करतो आहेस हे मला कळतं रे, आणि तेच सहन होत नाही. बाप असून मी तुझ्या पाया पडतो. पोरा, खाली जाऊ नकोस.

७. यास्नाच्या पोटातल्या बाळाचा खाणीतला वाटा वर लिहिला आहे. तो बुडाला तरी चालेल. खरं म्हणजे मला त्याला एकच वस्तू द्यायची आहे, आणि ती माझ्या हातात उरलेली नाही. त्या बाळाला मी त्याचा बाप देतो, जिवंत.

साक्षीदार: रोसाल्बा कोर्तेस, दगड दळणाऱ्या चक्कीची मालकीण (सही)
एलिसेओ मुन्दाका, टँकरवाला (अंगठा)

एर्मोखेनेस आराया कुएयो (सही, वाकडी आली, पण माझीच)
केब्रादा सेका, १४ ऑगस्ट २००६