तोंड तिचं, गळा माझा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (खोली एवढीशी आहे की साष्टांग घातला तर पाय दाराबाहेर जातील आणि येणारे-जाणारे अडखळतील, म्हणून मनातल्या मनात घातला आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींनी दाढ काढून घेतली, की अजून डॉक्टरांनाच ताटकळत ठेवलंय? माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि तेच माझं रडगाणं आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर माझा आवाज भरून येतो, मग तुम्ही लगेच मामींना हाक मारता, आणि मूळ गोष्ट राहते बाजूला.

ऑपेरा शिकायला आलेले आम्ही एकवीस जण सुट्टीत रिकाम्या झालेल्या एका शाळेत राहतो. वर्गात खाटा टाकल्यात, फळ्यावर कुणाचा तरी चुकलेला भागाकार तसाच आहे. सकाळी आठला श्वासाचा वर्ग. उताणं पडायचं, पोटावर जाडजूड पुस्तक ठेवायचं आणि श्वासाने ते वर-खाली करायचं. (मी पहिली आले. पुस्तक कसलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.) मग उच्चारांचा वर्ग आणि जेवणानंतर मरायचा वर्ग. हसू नका. ऑपेऱ्यात बायका फार मरतात, आणि मरता मरता गातात. आमची नायिका विष पिते आणि त्यानंतर चांगली अठरा मिनिटं गाते. एवढ्या वेळात दवाखाना गाठून परत येता आलं असतं, असं मी म्हटलं, तेव्हापासून वाद्यवृंद चालवणारे सर माझ्यावर जरा नाराजच आहेत. त्यांच्या हातात सतत ती छडी असते, म्हणून आम्ही त्यांना काडीवाले म्हणतो.

तुम्ही बाबांची समजूत घातलीत म्हणून मी इथे आले, आणि बाबांची अट तुमच्यासमोरच ठरली होती. प्रमुख भूमिकेत उभी राहिलेली दिसलीस तर पुढे शीक, नाहीतर चष्म्याच्या दुकानात माझ्या शेजारच्या खुर्चीत बस. तीस वर्षं लोकांचे डोळे तपासलेला माणूस, त्याला दिसेल तेच खरं. मी म्हटलं, ठीक आहे, दिसेन. दुसऱ्या आठवड्यात सूचनाफलकावर भूमिकांची यादी लागली. नायिकेपुढे दोन नावं होती आणि दुसरं माझं होतं, कंसात ‘राखीव’ लिहून. राखीव म्हणजे सगळी भूमिका तोंडपाठ करायची, कोपऱ्यात बसायचं आणि पहिलीला काही झालंच तर उभं राहायचं. आता ती पहिली म्हणजे माझ्याच खोलीतली मुलगी. (तिला आम्ही बाईसाहेब म्हणतो. स्वभावाने गरीब आहे, हाच तर वैताग.)

मामा, पाच आठवडे मी रोज सकाळी डोळे उघडल्याबरोबर तिला विचारायचे, बरं वाटतंय ना? तिला वाटायचं, काय माया आहे! आणि मला मनात आलेल्या पापाची इतकी भीती वाटायची की तिला मीच गरम पाणी द्यायचे, मीच मफलर गुंडाळायचे, खिडकी लावायचे. जिच्या सर्दीवर माझं सगळं आयुष्य अवलंबून, तिला मीच शिंकू देत नव्हते. असला शहाणपणा आपल्याच घराण्यात सापडायचा.

शेवटी प्रयोगाच्या आदल्या दुपारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, आणि बाईसाहेब ओल्या केसांनी पंख्याखाली झोपल्या. प्रयोगाच्या दिवशी सकाळी तिचा आवाज साफ गेला. मला आधी रडू आलं आणि मग (खोटं कशाला सांगू) आनंदही झाला. पण राखीव बाईला रंगमंचावरची तालीम कुणी दिलेलीच नव्हती. कुठल्या जिन्याने उतरायचं, कुणाच्या मिठीत पडायचं, मला ठाऊक नाही; शिवाय तिचा झगा माझ्या अंगावर जमिनीवरून हातभर लोळत होता. काडीवाल्यांनी तोड काढली. या धंद्यात अशी रीतच आहे म्हणे. बाईसाहेबांनी रंगमंचावर वावरायचं, ओठ हलवायचे आणि मरायचं. मी काळ्या कपड्यांत विंगेत उभं राहून गायचं. प्रेक्षकांना कळावं म्हणून दाराला सूचना चिकटवली, पण गर्दी झाली आणि दार सताड उघडून भिंतीला लावून ठेवलं, त्यामुळे ती सूचना वाचली फक्त भिंतीने.

मी गायले, मामा. चांगली गायले, आयुष्यात इतकी चांगली गायले नव्हते. दुसऱ्या अंकात माझा वरचा सूर लागलेला असताना बाईसाहेबांनी सणसणीत शिंक दिली. नाक शिंकतंय आणि सूर केसभरही हलत नाही, हे बघून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेवटी तिने बिचारीने हात करून विंगेकडे, माझ्याकडे दाखवलं. मी पडद्याच्या घडीत अडकले होते, दिसला फक्त पडदा ओढणारा. त्याने संकोचून मान लववली, लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. नंतर काडीवाल्यांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, शाबास, कुणाला कळलंसुद्धा नाही! मला फार वाईट वाटलं, मामा. जेवले नाही.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार. पुढच्या बुधवारी शिबिर संपतंय.

तुमची भाची

ता. क. : प्रयोगाचा व्हिडिओ तुमच्या फोनवर येईल (फॉर्मवर पालक म्हणून तुमचाच नंबर दिलाय). बाबांना दाखवू नका. दुसरीच मुलगी उभी दिसेल आणि विषय तिथेच संपेल.

आणखी एक : दाखवू नका म्हटलं, ऐकवू नका असं नाही. रविवारी दुकान बंद ठेवून ते फ्रेमचे स्क्रू आवळत बसतात, तेव्हा जा. फोन पालथा ठेवा, तिसरा अंक लावा, कोण गातंय ते सांगू नका. त्यांचा हात थांबतो का, तेवढं बघा आणि मला खरं काय ते कळवा. न थांबला तर मी मुकाट्याने येऊन खुर्चीत बसेन.

अगदी शेवटचं : वरचं लिहून दोन तास झाले. हात थांबला नाही, तरी थांबला असंच लिहा. खुर्चीत बसवायचंच असेल तर दुसरं कारण काढा, त्यांचं वय, दुकानातली गर्दी, काहीही चालेल. पण बाबांनी माझा गळा ओळखला नाही, हे तुमच्या अक्षरात वाचायची माझी तयारी नाही.