दोनदा भिजवलेली बंडी

गुरुवार, संध्याकाळ. जळगाव जामोद.

नामदेवची सुती बंडी आज शिवून झाली. दुपारी त्याचा मुलगा खेड्यावरून दुकानात आला. म्हणाला, "काका, बाबा परवा गेले. आता बंडी राहू द्या."

परवा! आणि मले आज कळतं.

नामदेव घाई करून राह्यला होता. मीच ऐकलं नाही. कोरं सुती कापड आटतं, म्हणून दोनदा भिजवलं, वाळवलं, मग कापलं. दहा वर्षं अंगात बसली पाहिजे ना! काऊन दोनदा? एकदा भिजवून नसतं भागलं?

बाकी साऱ्यांले टेरिकॉट पाहिजे, तेही लगेच. सुती कापड आणून समोर गप्पा मारत बसणारा तो एकच होता.

मघाशी बंडी घालून पाहिली. मले ढिली होते. दोनदा भिजवलेली, आता आटणारही नाही.